दगडीवरचे इंजेक्शन लागू का पडत नाही?

गाय व्यायल्याला वीस-बावीस दिवस झालेले असतात. दूध पंधरा लिटरवर आलेले असते. एका सकाळी धार काढताना मागच्या उजव्या सडातून दुधाऐवजी पाणी येते, त्यात दह्यासारख्या गुठळ्या दिसतात. कासेचा तो भाग गरम लागतो, दगडासारखा कडक होतो आणि गाय हात लावू देत नाही. मागच्या वेतात असेच झाले होते, तेव्हा आणलेली औषधाची बाटली गोठ्याच्या कोनाड्यात अर्धी शिल्लक असते. तीच टोचली जाते. दुसऱ्या दिवशी सूज उतरल्यासारखी वाटते, म्हणून तिसऱ्या दिवशी कोणी इंजेक्शन देत नाही. आठवड्याने कास पुन्हा कडक होते. या वेळी मेडिकलमधून ‘जरा भारीतले’ आणले जाते. महिनाभरात तीन प्रकारची औषधे होतात, सड कायमचा बंद पडतो आणि पंधरा लिटरची गाय अकरा लिटरवर येते.

‘हल्ली औषधात दम राहिला नाही’ असे पशुपालक म्हणतात. बहुतेक वेळा औषधाचा दम तोच असतो. बदललेला असतो तो जंतू, आणि त्याला बदलायला आपणच मदत केलेली असते.

प्रतिजैविके म्हणजे जिवाणूंना मारणारी किंवा त्यांची वाढ थांबवणारी औषधे. पेनिसिलिन, ऑक्सिटेट्रासायक्लीन, एन्रोफ्लॉक्सॅसिन, सेफ्ट्रियाक्झोन ही नावे गावोगावच्या पशुपालकांना तोंडपाठ आहेत. माणसांच्या दवाखान्यातही हीच किंवा यांचीच भावंडे वापरली जातात. एन्रोफ्लॉक्सॅसिन फक्त जनावरांसाठी आहे असे आपण समजतो, पण जनावराच्या अंगात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्ये बदलतो, आणि ते माणसांचे औषध आहे. म्हणून गोठ्यातील जंतू जेव्हा एखाद्या औषधाला दाद देईनासा होतो, तेव्हा तो प्रश्न गोठ्यापुरता राहत नाही. जगभरात २०१९ या एका वर्षात औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. यातला मोठा वाटा माणसांच्या उपचारांतील चुकांचा आहे, सगळे खापर गोठ्यावर फोडता येणार नाही. पण आपल्या हातात आहे तो गोठा, म्हणून इथे त्याचेच बोलू.

जंतू औषध पचवायला कसा शिकतो

खरे तर एकटा जंतू काही शिकत नाही. कासदाह म्हणजे दगडी झालेल्या कासेत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांची वाढ दुपटीने होते. परिस्थिती अनुकूल असेल तर ई. कोलाय हा जिवाणू साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. या वेगाने आठ तासांत एका जिवाणूचे १ कोटी ६७ लाख होतात. एवढ्या संख्येत एखादा तरी जन्मतःच थोडा वेगळा निघतो. त्याच्याकडे पेनिसिलिनचे तुकडे करणारे विकर असते, किंवा आत आलेले औषध बाहेर फेकणारा पंप असतो, किंवा औषध जिथे चिकटते ती जागाच बदललेली असते. औषध नसताना अशा जिवाणूला काही विशेष फायदा नसतो, तो गर्दीत हरवून जातो.

आपण औषध टोचले की ही गर्दी मरते. पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस औषध मिळाले, तर उरलेल्यांचा समाचार गाईच्या शरीरातील पांढऱ्या पेशी घेतात. पण मात्रा कमी पडली तर कच्चे जंतू मरतात आणि पक्के शिल्लक राहतात. आता त्यांना मोकळे रान मिळते. म्हणजे आपण तण मारायला निघालो आणि नेमके तणनाशकाला न जुमानणारे तण राखून ठेवले. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच, अपुऱ्या मात्रेमुळे जंतू निर्ढावतील असा इशारा दिला होता. पेनिसिलिन तेव्हा बाजारात नुकतेच येत होते.

याहून काळजीची बाब पुढे आहे. काही जिवाणूंमध्ये ही प्रतिकाराची कला प्लाझ्मिड नावाच्या एका छोट्या जनुकीय कडीवर लिहिलेली असते. ही कडी एक जिवाणू शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. शेणातील निरुपद्रवी जिवाणूकडून ती रोग करणाऱ्या जिवाणूकडे जाऊ शकते. त्यामुळे ज्या जनावराला रोग नव्हता, त्याला ‘असू द्या’ म्हणून दिलेले औषधही वाया जाते इतकेच नाही, तर त्याच्या आतड्यात प्रतिकाराचे बियाणे तयार करते.

दगडीत ही गुंतागुंत आणखी वाढते. कासदाह करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू कासेच्या पेशींत शिरून बसतो, स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. काही वेळा गाठींच्या आत दडतो. तिथे औषध पोहोचतच नाही. बाहेरून सूज उतरते, दूध स्वच्छ दिसते, आणि तीन आठवड्यांनी तोच जंतू पुन्हा डोके वर काढतो. म्हणजे दरवेळी औषध न लागू पडण्याचे कारण प्रतिकारशक्तीच असते असेही नाही. जंतू औषधाला दाद देणारा आहे पण लपलेला आहे, की तो निर्ढावला आहे, की मुळात तो जिवाणूच नाही, हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. अनुभवी पशुवैद्यकालाही नाही.

आधी दूध तपासा, मग औषध

कासदाहाला कारणीभूत जंतूंची यादी मोठी आहे. जिवाणूंबरोबरच यीस्ट आणि बुरशी यांमुळेही कास सुजते, आणि त्यांच्यावर प्रतिजैविकाचा काहीही परिणाम होत नाही. उलट वारंवार अस्वच्छ ट्यूब सडात घातल्यानेच बुरशी आत गेल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना नवी नाहीत.

म्हणून पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी दुधाचा नमुना घेणे हे सगळ्यात कमी खर्चाचे आणि सगळ्यात जास्त टाळले जाणारे काम आहे. औषध दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि तपासणी फुकट जाते. नमुना घेण्याची पद्धत सोपी आहे, पण स्वच्छता काटेकोर लागते. सड धुऊन कोरडा करावा. सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, बोळ्यावर मळ दिसेनासा होईपर्यंत. पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्याव्यात. मग निर्जंतुक बाटली आडवी धरून, तोंडाला सड लागू न देता थोडे दूध घ्यावे आणि झाकण लगेच लावावे. बाटलीवर गाईचा बिल्ला क्रमांक, कोणता सड आणि तारीख लिहावी. बर्फावर ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. निर्जंतुक बाटली नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात मागावी. औषधाची रिकामी बाटली धुऊन वापरली तर तिच्यातील औषधाचा अंशच तपासणी बिघडवतो.

प्रयोगशाळेत त्या दुधातील जिवाणू वाढवतात, त्यावर वेगवेगळ्या प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवतात आणि कोणत्या चकतीभोवती जिवाणू वाढले नाहीत ते पाहतात. ज्याभोवती मोकळे वर्तुळ तयार झाले, ते औषध चालण्याची शक्यता जास्त. हा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोपर्यंत गाय तशीच ठेवायची का, हा रास्त प्रश्न आहे. गाईला ताप असेल, ती चारा सोडून बसली असेल, कास निळसर किंवा थंड पडली असेल, तर अजिबात थांबू नये. पशुवैद्यकाला लगेच बोलवावे. ते आपल्या अनुभवानुसार उपचार सुरू करतील आणि अहवाल आल्यावर गरज पडली तर औषध बदलतील. पण दुधात थोड्या गुठळ्या आहेत, गाय खाते-पिते आहे, ताप नाही, अशा सौम्य दगडीत एक दिवस थांबता येते का, हे पशुवैद्यकाला जरूर विचारावे. ई. कोलायमुळे झालेल्या सौम्य दगडीत बरेचदा गुठळ्या दिसेपर्यंत गाईच्या शरीराने जंतू संपवलेले असतात. परदेशातील काही गोठ्यांत सौम्य रुग्णांच्या दुधाची आधी चोवीस तासांची तपासणी करून, गरज असेल त्यांनाच औषध दिले. तिथे प्रतिजैविकांचा वापर सुमारे निम्म्यावर आला आणि गाई बऱ्या होण्यात फरक पडला नाही.

महाराष्ट्रात पुण्यातील औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळच्या दवाखान्यातून नमुना कुठे पाठवता येईल हे विचारून ठेवले, तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

ज्या आजारांत प्रतिजैविक चालतच नाही

इथे थोडे दगडीबाहेर जाऊ, कारण गोठ्यातील प्रतिजैविकांचा बराच अपव्यय याच ठिकाणी होतो. लाळ्या खुरकूत आणि लम्पी त्वचारोग हे विषाणूंचे आजार आहेत. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. जखमांत नंतर जिवाणू शिरले तर पशुवैद्यक प्रतिजैविक देतात, ते त्या जिवाणूंसाठी. लम्पीची साथ असताना गावात ‘त्याच्या बैलाला हे दिले, तो उठला’ म्हणून तेच औषध दहा गोठ्यांत टोचले गेले असेल, तर त्यातले बहुतेक बैल औषधाविनाही उठले असते.

संकरित जनावरांना ताप आला, की पहिला संशय गोचीड तापाचा घ्यावा. थायलेरिया आणि बबेसिया हे एकपेशीय परजीवी आहेत, त्यांना वेगळी औषधे लागतात. नेहमीचे प्रतिजैविक देत बसले तर तीन दिवस वाया जातात आणि जनावर हातचे जाते. ॲनाप्लाझ्मा हा मात्र जिवाणू आहे, त्यावर ऑक्सिटेट्रासायक्लीन चालते. गोचिडींनी आणलेल्या तीन आजारांना तीन उपाय असतील, तर रक्ताची काचपट्टी तपासल्याशिवाय औषध निवडणे हा निव्वळ अंदाज ठरतो.

वासरांच्या हगवणीचेही तसेच. अनेकदा कारण विषाणू किंवा कॉक्सिडिया असते, आणि वासरू मरते ते अंगातील पाणी व क्षार कमी झाल्याने. अशा वेळी क्षार-साखरेचे पाणी थोड्या थोड्या वेळाने पाजणे हा पहिला उपचार आहे. वासरू मलूल असेल, ताप असेल, शेणात रक्त असेल, तर पशुवैद्यकाला दाखवावे.

मात्रा, दिवस आणि दूध

प्रतिजैविकाची मात्रा वजनावर ठरते. गावठी गाय अडीचशे किलोची आणि शेजारच्या दावणीची होल्स्टिन फ्रिजियन पाचशे किलोची असेल, तर दोघींना एकच बाटली म्हणजे एकीला अर्धे औषध. वजनकाटा नसतो हे खरे, पण छातीचा घेर आणि लांबी मोजून वजनाचा अंदाज बांधता येतो. पशुवैद्यकाला फोनवरून औषध विचारताना निदान एवढा आकडा तरी द्यावा.

किती दिवस द्यायचे, हे औषध आणि आजार पाहून पशुवैद्यक ठरवतात. सूज उतरली म्हणून मध्येच बंद करू नये, आणि ‘दोन दिवस जास्तच देऊ’ म्हणून आपल्या मनाने वाढवूही नये. दोन्हींत नुकसानच आहे. औषध बदलायचे असेल तर तेही विचारूनच. दर दिवशी वेगळे औषध म्हणजे तीन औषधांची ओळख जंतूला करून देणे. उघडलेली बाटली पुढच्या वेतासाठी जपून ठेवू नये.

आता दुधाचा विषय, जो बोलायला सगळ्यांनाच अवघड जातो. इंजेक्शन दिलेल्या गाईच्या दुधात औषधाचा अंश येतो. औषध एकाच सडात ट्यूबने सोडले असले तरी ते रक्तावाटे पसरते, म्हणून चारही सडांचे दूध बाजूला काढावे लागते. ‘तीन सड तर चांगले आहेत’ हे कारण चालत नाही. दूध उकळल्याने बहुतेक प्रतिजैविके नष्ट होत नाहीत. एका गाईचे असे दूध कॅनमध्ये गेले, की सगळा कॅन बाधित होतो. दही आणि चीज करणाऱ्या प्रक्रिया केंद्रांत विरजणाचे जिवाणूच मरतात आणि दूध लागत नाही. घरीही कधी विरजण लागले नाही, तर थंडीला दोष देण्याआधी गोठ्यात कोणते औषध चालू आहे ते आठवून पाहावे.

दूध किती दिवस विकू नये, हे औषधाच्या वेष्टनावर छापलेले असते. २०१२ पासून केंद्राच्या औषध नियमांत तशी तरतूद आहे. वेष्टनावर काही लिहिले नसेल, तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, असे हाच नियम सांगतो. हे दिवस शेवटच्या मात्रेपासून मोजायचे. पंधरा लिटरची गाय असेल तर सात दिवसांचे एकशे पाच लिटर दूध, शिवाय उपचाराच्या दिवसांचे वेगळे. हा तोटा छोटा नाही, आणि तो एकट्या पशुपालकाच्या डोक्यावर पडतो. दूध संघांनी तो वाटून घेण्याची काही सोय करायला हवी, असे माझे मत आहे. तोपर्यंत निदान एक करता येते. एकसारखाच परिणाम असलेल्या दोन औषधांपैकी ज्याचे दूध कमी दिवस थांबवावे लागते ते मिळेल का, हे पशुवैद्यकाला विचारावे. दूध संकलन केंद्रावरही आधीच सांगून ठेवावे.

हे बाजूला काढलेले दूध वासरांना पाजण्याची पद्धत सर्रास दिसते. टाकून देण्यापेक्षा बरे, असे वाटते. पण औषधाच्या थोड्या अंशावर रोज वाढणारे वासराचे आतडे म्हणजे निर्ढावलेल्या जंतूंची रोपवाटिकाच. तेच वासरू दोन वर्षांनी कालवड होऊन आपल्याच गोठ्यात व्यायचे असते. दूध खड्ड्यात जिरवावे, विहीर आणि ओढ्यापासून लांब.

इंजेक्शनची वेळच कमी कशी येईल

प्रतिजैविकांचा वापर कमी करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे दगडी कमी होणे. नेदरलँड्समध्ये २००९ नंतरच्या दहा-बारा वर्षांत जनावरांच्या प्रतिजैविकांची विक्री सुमारे ७० टक्क्यांनी घटली. तिथे प्रत्येक गोठ्याच्या औषधवापराची नोंद ठेवली जाते, आपला गोठा इतरांच्या तुलनेत कुठे आहे हे पशुपालकाला दिसते, आणि आटवताना सरसकट सर्व गाईंच्या सडांत प्रतिजैविक सोडणे बंद झाले. तिथला डेअरी उद्योग त्यामुळे बुडाला नाही. आपल्याकडे दोन-चार गाईंचा गोठा आणि हाताने धार, म्हणून सगळे तसेच लागू होणार नाही. पण खालच्या गोष्टींना मोठे भांडवल लागत नाही.

धार काढताना अंगठा मुडपून सड ओढू नये, पूर्ण मुठीने काढावी. अंगठ्याच्या नखाने सडाला आतून इजा होते आणि तिथेच जंतू घर करतात. धारेपूर्वी सड धुऊन कोरडे पुसावेत, प्रत्येक गाईला वेगळे फडके. ओल्या कासेवरून ओघळणारे पाणी थेट सडाच्या तोंडाशी येते, त्यापेक्षा न धुतलेली कोरडी कास बरी. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर किंवा काळ्या वाटीत काढून गुठळ्या पाहाव्यात. निरोगी गाईंची धार आधी, दगडी झालेलीची सगळ्यात शेवटी. धार झाल्यावर सड पोव्हिडोन आयोडीनच्या सडासाठी बनवलेल्या द्रावणात बुडवावेत. त्यानंतर अर्धा तास गाय बसू देऊ नये, कारण सडाचे तोंड तेवढा वेळ उघडे असते. समोर वैरण टाकली की ती आपोआप उभी राहते. धारेआधी वैरण टाकून धार झाल्यावर गव्हाण रिकामी ठेवणारे गोठे बरेच आहेत. त्यांनी हा क्रम एवढा उलटा केला तरी फरक दिसेल.

दिसणाऱ्या एका दगडीमागे न दिसणाऱ्या अनेक असतात. या सुप्त कासदाहात दूध पांढरे स्वच्छ दिसते, पण कमी होत जाते. त्यासाठी कॅलिफोर्निया चाचणी गोठ्यातच करता येते. चार खणांच्या थाळीत प्रत्येक सडाचे थोडे दूध घेऊन तेवढेच द्रावण मिसळायचे आणि थाळी गोल फिरवायची. दूध पातळ राहिले तर ठीक, बुळबुळीत किंवा जेलीसारखे झाले तर त्या सडात दाह आहे. महिन्यातून एकदा ही चाचणी करून नोंद ठेवली, तर कोणती गाय वारंवार त्रास देते ते कळते. सापडलेल्या प्रत्येक सुप्त दगडीला प्रतिजैविक लागतेच असे नाही. आटवताना कोणत्या गाईला औषध द्यायचे, हे मात्र या नोंदीवरून पशुवैद्यकाला ठरवता येते.

सुरुवातीच्या दगडीसाठी राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ एक वनस्पतीजन्य लेप सुचवते. कोरफड २५० ग्रॅम, हळद पूड ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून लगदा करायचा. त्यातला मूठभर लगदा पाण्यात पातळ करून, कास धुऊन व दूध पूर्ण काढून, संपूर्ण कासेवर दिवसातून आठ-दहा वेळा लावायचा, पाच दिवस. दिवसातून दोनदा लावून ‘गुण आला नाही’ म्हणणाऱ्यांनी हा आठ-दहाचा आकडा पुन्हा वाचावा. ताप असलेल्या, बसून राहिलेल्या गाईला नुसत्या लेपाच्या भरवशावर ठेवू नये.

कोंबड्या, डाळिंब आणि शेण

कोंबडीपालनात एका औषधाची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कोलिस्टिन हे माणसांच्या अतिदक्षता विभागात बाकी सगळे थकल्यावर वापरले जाणारे औषध. पिल्ले लवकर वजन धरावीत म्हणून तेच खाद्यात मिसळले जात होते. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरांतील जिवाणूंत कोलिस्टिनला दाद न देणारे, आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक सापडल्याचे जाहीर केले. चीनने २०१७ मध्ये खाद्यातील वापर बंद केला. त्यानंतर तिथल्या डुकरांत आणि माणसांतही हे जनुक कमी होत गेल्याचे आढळले. म्हणजे गाडी मागे वळवता येते. भारताने १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने खाद्यासाठी पाळलेले प्राणी, कोंबड्या, मत्स्यपालन आणि पशुखाद्यातील पूरके यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. करारावर कोंबड्या वाढवणाऱ्याला खाद्य कंपनीकडूनच येते, तरी गोणीवरचे लेबल वाचण्याचा आणि त्यात प्रतिजैविक आहे का हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे.

बागायतदारांनाही हा विषय परका नाही. डाळिंबावरील तेल्या, लिंबावरील खैऱ्या यांसाठी वर्षानुवर्षे फवारले गेलेले स्ट्रेप्टोसायक्लीन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन यांचे मिश्रण. त्यातले स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोगावरचे औषध आहे. शेतीतील त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मसुदा आदेश केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये काढला, त्यात १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव होता. तेव्हा जुन्या वेळापत्रकात हे नाव दिसले तर ते तसेच उतरवून घेऊ नये. कृषी विद्यापीठाची किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची चालू शिफारस पाहावी. तसेही तेल्या फवारणीने कमी आणि स्वच्छतेने जास्त आटोक्यात येतो. रोगट फळे-फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट करणे, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणे, बागेला पुरेशी विश्रांती देणे, आणि ज्या भागात पावसाळ्यात तेल्या भडकतो तिथे मृग बहराचा मोह टाळून हस्त बहराचा विचार करणे, ही कामे आधी.

शेणाबद्दल एकच. जनावराला दिलेल्या औषधाचा बराच भाग शेण-मूत्रावाटे तसाच बाहेर पडतो, सोबत निर्ढावलेले जंतूही. उपचार चालू असलेल्या जनावराचे ताजे शेण पालेभाजी, कोथिंबीर, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना घालू नये. ढीग रचून, मधून खालीवर करून ते चांगले तापू द्यावे. ढिगात ५५ ते ६० अंशांपर्यंत उष्णता झाली, की बहुतेक रोगजंतू मरतात आणि अनेक औषधांचे अंशही बऱ्याच प्रमाणात विघटित होतात. सगळेच नाही.

गोठ्यात एक वही टांगून ठेवावी. जनावराचा बिल्ला क्रमांक, आजार दिसला ती तारीख, दिलेले औषध व मात्रा, शेवटचे इंजेक्शन कधी, दूध कोणत्या तारखेपासून घालायचे, एवढे रकाने पुरेत. पुढच्या वेळी पशुवैद्यक आले किंवा १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन केला, की ‘मागच्या वेळी काय दिले होते?’ हा पहिला प्रश्न असतो. ‘ते लाल झाकणाचे होते’ या उत्तरावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही.